संध्याकाळी साडेपाचला हात डब्याकडे जातो: वजन कमी करतानाचे अनुभव

मी सांगलीची, विश्रामबागेत राहते. मार्चपासून वजन उतरवायचं मनावर घेतलंय. सकाळी आमराईत चालणं जमतं, साखर सुटली, दोन्ही वेळचं जेवण बेतात आहे. अडतं ते संध्याकाळी साडेपाचला. चहा टाकला की हात भडंगाच्या डब्यात. चुरमुरे हलके, म्हणून मी ते कधी खाण्यात धरलेच नाहीत. पण मी वेचून खाते ते तळलेले दाणे आणि लसूण! शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण 570 कॅलरी असतात. तीन मुठी दाणे पोटात गेले की एक जेवणच झालं. आता वाटीत मोजून घेते आणि डबा माळ्यावर ठेवते, तरी दुसरी वाटी होतेच. तुमचं कुठे अडतं, काय उपयोगी पडलं, मोकळेपणाने लिहा. ‘मनावर ताबा ठेवा’ एवढंच नको, ते घरी रोज ऐकते.

सातारा, शाहूपुरी
ताई, माझं सकाळीच अडायचं. रोज अजिंक्यतारा चढतो. उतरलं की आमची मंडळी गाडीवर थांबायची, वडापाव नाहीतर मिसळ. एवढा घाम गाळलाय, चालतंय की, असं वाटायचं. वर्षभरात वजन तसूभर हललं नाही. आता घरी मटकीची उसळ करून ठेवतो, मंडळींसोबत फक्त बिनसाखरेचा चहा. पहिले पंधरा दिवस फार जड गेले.

तासगाव
आमचा बेदाण्याचा व्यवहार. बसल्या जागी तोंडात टाकायची सवय, सुका मेवा म्हणजे चांगलाच ही समजूत. रक्तातली साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी समजावलं, द्राक्षातलं पाणी जातं, साखर तिथेच राहते. आणि एकादशी! साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी. उपवासाला मी रोजच्यापेक्षा जास्त खात होतो. सूनबाई आता थोडी भगर आणि ताक देतात.

सातारा
हे कुणाला सांगितलेलं नाही. लग्न ठरल्यावर मी दिवसभर एक भाकरी आणि काकडीवर राहायला लागले. रात्री सगळी झोपली की स्वयंपाकघरात दिवा न लावता खायचे. शेव, गूळ-पोळी, पाहुण्यांसाठी आणलेले कंदी पेढे, पोट दुखेपर्यंत. सकाळी लाज वाटायची, म्हणून परत उपाशी. सहा महिने हेच. शेवटी समुपदेशक बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, दिवसा जेवत नाहीस ते शरीर रात्री मागून घेतं. वजनकाटा कपाटात ठेवायला लावला, तीन वेळा नीट जेवायला सांगितलं. मला फार भीती वाटली, वजन वाढलं तर? पण महिन्याभरात रात्रीची ओढ खूप ओसरली. आईला सगळं सांगितलं, आता रात्री ती माझ्याजवळ बसते. अजूनही कधीतरी एखादी रात्र तशी जाते. दुसऱ्या दिवशीचा नाश्ता मात्र मी चुकवत नाही.