मदत हवी आहे: कोल्डप्लेच्या शोनंतर नेरूळहून रात्री पुण्याला कसं परतायचं?

२१ जानेवारी २०२५ ची, म्हणजे मंगळवारच्या तिसऱ्या शोची दोन तिकिटं आहेत, डी. वाय. पाटील स्टेडियम, ग्राउंड स्टँडिंग. २२ सप्टेंबरला दुपारी बाराला लॅपटॉप आणि दोन फोन घेऊन बसले होते, रांगेत नंबर लाखांमध्ये दिसत होता, तरी मिळाली म्हणजे नशीबच. कोल्डप्लेवाले २०१६ ला मुंबईत बीकेसीत आले होते तेव्हा माझी बारावी, बाबांनी विषयच संपवला होता, त्यामुळे यावेळी शेवटच्या गाण्याआधी निघणार नाही, तो सल्ला प्लीज देऊ नका.

अडचण परतीची आहे. बुधवारी ११ वाजता ऑफिसला पोचायचंच आहे, सुट्टी संपली. सोबत मोठी बहीण आहे, दोघींनाही हायवेवर रात्री गाडी चालवायची सवय नाही. नेरूळ-वाशीचे हॉटेलचे रेट बघितले, बजेटबाहेर आहेत. नातेवाईक थेट डोंबिवलीला. कॅबवाल्याला विचारलं तर तो म्हणतो स्टेडियमच्या गेटपर्यंत येणार नाही, तुम्हीच कुठेतरी चालत या, आणि कुठे ते सांगत नाही!

मग डोक्यात असं आहे की चालत नेरूळ स्टेशन, हार्बरने पनवेल आणि तिथल्या एसटी स्टँडवरून पुण्याची गाडी. सामान काही नाही, तास-दीड तास थांबायची तयारी आहे.

तिथे आयपीएल किंवा मोठा शो बघून रात्री परतलेल्यांनी सांगा, गर्दीतून नेरूळ स्टेशनला पोचायला खरोखर किती वेळ लागतो, जुईनगर बरं पडतं का? आणि बारानंतर पनवेलहून स्वारगेटची गाडी मिळते, की नेरूळच्याच एलपी स्टॉपला हायवेवर उभं राहावं?