शब्दचर्चा : 'टिकी बार'ला मराठीत काय म्हणायचं?

अनुवादिनी
एका दिवाळी अंकासाठी प्रवासलेखाचा अनुवाद करते आहे आणि एका शब्दावर गाडी अडली आहे. लेख सॅन फ्रान्सिस्कोच्या फेअरमाँट हॉटेलातल्या 'टोंगा रूम' या टिकी बारबद्दल आहे, म्हणजे पॉलिनेशियाच्या, प्रशांत महासागरातल्या बेटांच्या धाटणीने सजवलेल्या बारबद्दल. या हॉटेलात १९२९ सालचा पोहण्याचा तलाव होता. १९४५ मध्ये तो न बुजवता त्याच्या काठाने गवताझावळ्यांची छपरं घालून टेबलं मांडली. वादक तराफ्यावर बसतात आणि तराफा पाण्याच्या मधोमध येतो. मधूनच ढग गडगडतात, विजा चमकतात आणि वरून तलावात सरी कोसळतात. जेवणारे कोरडेच राहतात.

मी 'टिकी बार' तसंच ठेवलं होतं. तपासून आलेल्या प्रतीत अकरा ठिकाणी ते खोडून 'आदिवासी धाटणीचे मद्यालय' केलं आहे. समासात शेरा आहे : "टिकी म्हटलं की वाचकाला आलू टिक्की आठवेल." त्या भीतीत तथ्य आहे, पण 'आदिवासी' वाचून मला फार वाईट वाटलं. त्या जागेशी कुठल्याच आदिवासींचा संबंध नाही. पर्यायी शब्द मात्र माझ्याकडे नाही, म्हणून इथे आले. 'पॉलिनेशियन थीमचं रेस्टॉरंट' यातल्या 'थीम'चंही तेच.

जाता जाता : लेखात त्या तलावाला 'लगून' म्हटलं आहे. भूगोलाच्या पुस्तकातलं 'खाजण' वापरलंय. ते बरोबर असावं.

भाषाव्रती
मुळात 'बार' कशाला हवा? मद्यालय, पानगृह, मधुशाला हे शब्द हाताशी आहेत. झावळ्यांचे छप्पर हे या जागेचे पहिले लक्षण दिसते, तेव्हा 'पर्णछत्र पानगृह' म्हणावे. महापौर आणि दिग्दर्शक हे शब्दही एके काळी जडच वाटले होते, आज कोणाची जीभ अडखळत नाही. आपण वापरलेच नाहीत तर नवे शब्द रुळणार कसे?

नाक्यावरचा
काका, तुमच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण 'पानगृह' वाचून दहातले नऊ जण विड्याचं पान समजतील. 'बार' मराठीच झालाय. दारूबंदीच्या कायद्यातून 'परमिट रूम' आली, ती आपण पाटीवर देवनागरीत रंगवली आणि तो शब्द फक्त आपलाच झाला. माझे वडील शेवटपर्यंत 'परमिट रूम' म्हणायचे. घरात मात्र आई "ते बसायला गेलेत" एवढंच सांगायची, आणि कशाला ते सगळ्यांना कळायचं. भाषा तिथे घडते. 'टिकी बार' राहू द्या, पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य समजावून सांगा.

ऑकलंडकर
मी चौदा वर्षं न्यूझीलंडमध्ये आहे. बारवर सगळे बोललात, 'टिकी'वर कोणी बोललं नाही.

इथल्या मूळच्या माओरी लोकांच्या परंपरेत तिकी हा पहिला माणूस, आणि त्याच्या नावाने ओळखली जाणारी कोरीव माणूस-आकृती. ताहितीत तीच 'तिइ', हवाईत 'किइ'. मार्केसास बेटांवर दगडाचे मोठमोठे तिकी उभे आहेत. इथे 'हेइ-तिकी' नावाचं गळ्यातलं असतं, हिरव्या पौनामू दगडाचं. माझ्या सोबत काम करणाऱ्या एका बाईंकडे आजीकडून आलेलं आहे. एकदा त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं. एका खांद्याकडे कललेलं डोकं, पोटावर ठेवलेले तीन बोटांचे हात, आणि पाठीची कड इतकी झिजलेली की बोट आपोआप तिच्यावरून फिरतं. ती झीज चार पिढ्यांच्या अंगाची, असं त्या म्हणाल्या. मला आमच्या देवघरातले टाक आठवले. पूर्वजांचे टाक दसऱ्याला उजळताना आजी ज्या हाताने धरायची, तोच हात.

तेव्हा 'आदिवासी धाटणी' तर नकोच. शिवाय उच्चाराने तो 'तिकी' आहे, 'टिकी' नाही. तिथला त मूर्धन्य नाही. इंग्रजीतून आला म्हणून आपण ट केला.

मूळशोधक
'तिकी'चा उच्चार कळल्यावर मला राहवत नाही. तिकी, टिकली, टिका, टिळा. सगळीकडे खूण, ठसा, पवित्र चिन्ह हाच अर्थ. हवाईतला 'किइ' म्हणजे प्रतिमा असेल तर दुवा आणखी घट्ट होतो. तिकडे देवाला 'अतुआ' म्हणतात आणि आपल्याकडे 'आत्मा' आहे. समुद्रमार्गे संबंध असणारच, आपली जहाजं जावा-सुमात्र्यापर्यंत जात होती. दुसरं, गोव्याचा 'शॅक'. कोकणात छप्पर 'शाकारतात'. झावळ्यांनी शाकारलेली ती शॅक. इंग्रज शब्द घेऊन गेले असतील का?

ऑकलंडकर
दादा, उत्साह समजतो, पण नुसत्या नादावर जाऊ नका. या भाषांचं आपसातलं गणित पक्कं आहे. माओरीतल्या त चा हवाईत क होतो आणि माओरीतला क हवाईत गळून घशातल्या झटक्यापुरता उरतो. 'तपु' हवाईत 'कपु' (हाच शब्द टोंगाहून इंग्रजीत जाऊन 'टॅबू' झाला), माणूस 'तंगता'चा 'कनक', तसा 'तिकी'चा 'किइ'. मलय, फिलिपिनो आणि थेट मादागास्करची मलागासी ही त्यांची भावंडं. मलयमध्ये संस्कृत शब्द भरपूर शिरले हे खरं, पण पॉलिनेशियाच्या लोकांनी त्याच्या खूप आधी पूर्वेचा समुद्र धरला होता. टिकलीचा इथे संबंध नाही.

'शाकारणे' आणि 'शॅक'बद्दल एखाद्या जाणकाराने लिहावं.

जुना खलाशी
मी जहाजावर तीस वर्षं काढली. ऑकलंडकरांचं सगळं मान्य, पण अनुवादिनीताईंना ज्या जागेबद्दल लिहायचंय ती तिकीची नाहीच. ती कुठून आली ते आधी बघा.

अमेरिकेची दारूबंदी उठली डिसेंबर १९३३ मध्ये. त्याच सुमारास अर्नेस्ट गँट नावाच्या तरुणाने हॉलिवूडमध्ये छोटासा बार काढला आणि त्याला 'डॉन द बीचकोंबर' हे नाव पडलं. पुढे त्याने स्वतःचं नावही डॉन बीच करून घेतलं. दक्षिण समुद्रात फिरताना गोळा केलेल्या जाळ्या, काचेचे तरंगते गोळे, बांबू हीच सजावट. रम कॅरिबियन बेटांवरची, कारण ती स्वस्त. जेवण कँटनचं चिनी. पेयं मिसळणारे बरेचसे फिलिपिनो. कृती चोरीला जाऊ नये म्हणून बाटल्यांवर नावाऐवजी आकडे असायचे. मिसळणाऱ्याला "चार नंबरचे दोन थेंब" एवढंच ठाऊक. त्यांच्यातल्याच रे बुहेन यांनी १९६१ मध्ये लॉस एंजेलिसला स्वतःचा 'टिकी-टी' काढला. तो अजून त्यांच्या घरच्यांकडेच आहे. मला या सगळ्या गोष्टीत ही माणसं फार महत्त्वाची वाटतात. दुसऱ्याच्या बेटाच्या नावाने त्यांनी आयुष्यभर तिसऱ्याच बेटावरची रम ओतली.

डॉनचं पाहून कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या व्हिक्टर बर्जेरॉनने 'ट्रेडर व्हिक्स' काढलं. त्याची साखळी जगभर गेली. लंडनच्या पार्क लेनवरच्या हिल्टनमध्ये ती १९६३ ते २०२२ अशी जवळजवळ साठ वर्षं होती. म्युनिक आणि दुबईला आहे. १९४४ मध्ये त्याने ताहितीहून आलेल्या मित्रांना नवं पेय दिलं. घोट घेऊन ते ताहिती भाषेत "मैताई रोआ" म्हणजे "फारच छान" म्हणाले, तेच 'मायताय' हे नाव पडलं, अशी त्याची स्वतःची हकिकत. ताहितीच्या पापीते बंदराला आमचं जहाज लागलं होतं तेव्हा मी धक्क्यासमोरच्या हॉटेलात 'मायताय' मागितली. वाढणारा म्हणाला, ती पाहुण्यांसाठी करतो. शेजारच्या टेबलावरचे गोदीकामगार बिअर पीत होते. पॉलिनेशियाचं स्वतःचं जुनं पेय म्हणजे कावा, मुळी कुटून पाण्यात कालवलेली. त्यात रम नाही, छत्री नाही, पेटवलेला लिंबू नाही.

तेव्हा संपादकांनी 'आदिवासी' लिहिलं ते दुहेरी चूक आहे. बार अमेरिकन आहे. सैनिक दुसऱ्या महायुद्धाहून पॅसिफिकच्या आठवणी घेऊन परतले, १९४७ मध्ये नॉर्वेच्या थोर हायरडालचा 'कोन-टिकी' तराफा पेरूहून १०१ दिवसांत पॉलिनेशियातल्या तुआमोतू बेटांना लागला, १९५९ मध्ये हवाई राज्य झालं, आणि अमेरिकेत हे लोण पसरलं. फ्लोरिडातलं 'माय-काय' हे असंच रेस्टॉरंट १९५६ चं. २०२० मध्ये पावसाने छताचं नुकसान होऊन ते बंद पडलं, तेव्हा मला वाटलं संपलं. २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं.

ऑकलंडकर
खलाशीकाका, मग तुमच्याच लिखाणातून उत्तर निघतं. मूर्तीला 'तिकी' आणि बारला 'टिकी' लिहावं. त पॉलिनेशियाचा, ट अमेरिकेचा. वाचकाला अक्षरातच कळेल की या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

नाक्यावरचा
हे आवडलं.

भाषाव्रती
एकाच शब्दाची दोन लेखने? मुद्रितशोधक पहिल्याच वाचनात दोन्ही सारखी करील. आणि जी गोष्ट मुळात खोटी आहे तिच्यासाठी आपण परका शब्द इतका जपून का ठेवायचा, हे मला कळत नाही. कॅरिबियन रम आणि चिनी जेवण असलेल्या जागेला 'टिकी' म्हणणे हीच अर्थाची फसवणूक आहे.

नाक्यावरचा
मग 'शेंगदाण्याचं तेल' म्हणणंही बंद करावं लागेल. तेल हा शब्द तिळावरून आला. तिळाचा थेंब नसलेल्या डब्याला आपण तेलच म्हणतो ना? या मायतायमध्ये बदामाचं सरबत घालतात, त्याला 'ऑर्झा' म्हणतात. फ्रेंचमध्ये ऑर्झ म्हणजे जव. पूर्वी जव असायचे, आता बदाम उरलेत. शब्द घर बदलतात, नाव तेच राहतं.

गिरगावकर
'थीम'चं कोणी घेतलंच नाही. आपल्याकडे हा शब्द आहे आणि रोजच्या वापरात आहे : देखावा.

लहानपणी आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या देखाव्यासाठी आम्ही दोन महिने खपायचो. एका वर्षी समुद्रमंथन केलं. निळं प्लॅस्टिक, खाली पत्र्याच्या पिंपात मोटार, वरून बारीक भोकांच्या नळीतून पाणी. तबला वाजवणारा एक काका पत्रा हलवून गडगडाट करायचा. टोंगा रूमचं वर्णन वाचताना मला तो पत्रा ऐकू आला. 'पॉलिनेशियाचा देखावा केलेला बार' म्हणा. ज्याला कळायचं त्याला एका शब्दात कळेल, आणि समोरचं खरं बेट नव्हे हेही त्यातच आलं.

अनुवादिनी
गिरगावकर, हे फार जवळचं वाटलं. फक्त एक शंका. 'नुसता देखावा आहे' असंही आपण म्हणतो. मूळ लेखिकेला त्या जागेबद्दल खूप माया आहे, तिचे आईवडील तिथे पहिल्यांदा भेटले. तिच्या तोंडी तो शब्द हेटाळणीचा होणार नाही ना?

गिरगावकर
'नुसता' काढला की हेटाळणी जाते. गणपतीचा देखावा बघायला लोक तीन तास रांगेत उभे राहतात, ते हेटाळणीने नाही.

ऑकलंडकर
तरी एक जपा. देखाव्यात मांडलेला देव बघणं वेगळं आणि देवाच्या चेहऱ्याच्या पेल्यातून दारू पिणं वेगळं. 'टिकी मग' म्हणतात तो पेला तसाच असतो, चेहरा बाहेरून आणि आत रम. इथल्या लोकांना ते खुपतं, आणि अमेरिकेतले काही बारवालेही आता 'टिकी' सोडून 'ट्रॉपिकल' म्हणू लागलेत. आपल्या खंडोबाच्या टाकाचा कोणी पेला केला तर आपल्याला कसं वाटेल?

जुना खलाशी
हे खरं आहे. मी एक असा मग आणला होता, कपाटात आहे. आज पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं.

खाडीकाठची
उशिरा आले, पण कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. ताई, 'खाजण' कृपया काढा.

आमची शेती गोव्यात खाजणात आहे. खाजण म्हणजे तळं नव्हे. खाडीचं खारं पाणी बांध घालून अडवलेली सखल जमीन. पावसात तिच्यात कोरगुट भात होतं, खाऱ्या मातीला न डरणारं. नंतर तिथेच कोळंबी आणि मासळी. बांधाला मानस असते, लाकडी दारं. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. माझे आजोबा रात्री उठून कंदील घेऊन मानशीवर जायचे, एखादी फळी अडकली तर सकाळपर्यंत वर्षाचं भात खारं होतं. अशा जमिनीचं नाव हॉटेलातल्या पोहण्याच्या तलावाला?

भाषाव्रती
परंतु 'खाजण' हा पाठ्यपुस्तकात स्वीकारलेला पारिभाषिक शब्द आहे. वाळूच्या दांड्यामागे अडकलेले खारे पाणी म्हणजे खाजण. दोन पिढ्या तो शिकल्या आहेत.

खाडीकाठची
पुस्तकाने आमचा शब्द उचलून दुसऱ्याच गोष्टीला लावला, काका. मघाशी बारच्या बाबतीत तुम्ही ज्याला फसवणूक म्हणालात, तेच इथे झालं आहे.

नाक्यावरचा
आमचं आजोळ पेणकडचं. तिकडे अशा जमिनीला खारेपाट म्हणतात आणि पाणी सोडायच्या दारांना 'उघाडी'. मानस कधी ऐकलं नाही.

मूळशोधक
'उघाडी' उघडण्यावरून, हे सरळ आहे. 'मानस' कुठून? मानससरोवराशी काही नातं असावं का?

अनुवादिनी
खाडीकाठची, खाजण काढलं, 'तलाव' केलं. सकाळी मजकूर पाठवायचा आहे. 'देखावा' घेतला आहे. टिकी-तिकीचं अजून मनात ठरत नाही. संपादकांशी फोनवर बोलीन.

खाडीकाठची
आभार, ताई. मूळशोधक, सरोवराचं मला माहीत नाही. आमच्याकडे मानस स्त्रीलिंगी आहे, 'ती मानस', 'मानशीची पावणी' (म्हणजे लिलाव). पेणकडची उघाडी बाहेर उघडते की वर उचलतात? आमच्या दारांना बिजागरी वरच्या बाजूला असते.