भिंत सरकत असेल तर डब्यातल्या पार्टिकलचं काय होतं?

चलबिचल:
पार्टिकल इन अ बॉक्स, म्हणजे दोन अभेद्य भिंतींमध्ये कोंडलेला क्वांटम कण, तर सगळेच करतात, लांबी फिक्स आणि एनर्जी लेव्हल्स लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. आता एक भिंत जागेवर ठेवून दुसरी ठरावीक वेगाने लांब नेली तर? जुन्याच सोल्युशनमध्ये बदलती लांबी घातली की दोन्ही भिंतींवर वेव्ह फंक्शन (ज्यावरून कण कुठे सापडायची किती शक्यता ते कळतं) झीरो येतं, नॉर्मलायझेशनही (एकूण शक्यता एक) बसतं, पण वेव्ह फंक्शन वेळेनुसार कसं बदलतं ते सांगणाऱ्या श्रोडिंजर समीकरणात टाकलं की दोन्ही बाजू जुळतच नाहीत. असं का? आणि डबा मोठा होताना कमी झालेली एनर्जी जाते कुठे?

लहरी:
तुमच्या फंक्शनमध्ये साइन रिअल आहे आणि वेळेची फेज (लहर चक्रात कुठे आहे ते सांगणारा कोन) सगळीकडे सारखी, म्हणजे प्रोबॅबिलिटी करंट, शक्यतेचा एका जागेकडून दुसरीकडे होणारा प्रवाह, शून्य. पण भिंत मागे गेली की मोकळ्या झालेल्या जागेत प्रोबॅबिलिटी जायला हवी ना, आणि करंटच नसेल तर ती तिथे पोचणार कशी? घोडं इथेच अडतंय.

एक जादा फेज लावा: वरती वस्तुमान गुणिले भिंतीचा वेग गुणिले एक्सचा (स्थिर भिंतीपासूनच्या अंतराचा) वर्ग, खाली दोन एचबार (प्लांकचा स्थिरांक भागिले दोन पाय) गुणिले त्या क्षणाची लांबी. या फेजचा स्लोप काढा, एचबारने गुणून वस्तुमानाने भागा, की त्या त्या ठिकाणचा वाहण्याचा वेग मिळतो. स्थिर भिंतीपाशी शून्य, मधोमध भिंतीच्या वेगाच्या निम्मा, आणि सरकत्या भिंतीपाशी बरोबर भिंतीएवढा! मला हे फार आवडतं, सगळी गोम एका फेजमध्ये आहे. शिवाय वेळेच्या फेजमध्ये एनर्जी गुणिले वेळ न घेता बदलत्या एनर्जीचं इंटिग्रल घ्या. मग येतं ते अॅप्रॉक्सिमेशन नाही, एक्झॅक्ट सोल्युशन आहे, भौतिकशास्त्रज्ञ डोशर आणि राइस यांनी १९६९ मध्ये दिलेलं.

शून्याच्या_वर:
एनर्जी भिंतीला जाते. पार्टिकल भिंतीवर सतत दाब देत असतो, फोर्स दोन गुणिले एनर्जी भागिले लांबी, भिंत मागे हटली की तेवढं काम झालं.

पण हे भिंत सावकाश सरकवली तरच. एका झटक्यात डबा दुप्पट केला तर वेव्ह फंक्शनला बदलायला वेळच मिळत नाही, ते जुन्या अर्ध्या भागात तसंच राहतं, काम शून्य, त्यामुळे सरासरी एनर्जीही तीच. जुन्या ग्राउंड स्टेटला (सगळ्यात कमी एनर्जीच्या स्थितीला) नव्या लेव्हल्समध्ये मोडलं तर नव्या ग्राउंड स्टेटमध्ये सापडायची शक्यता ३२ भागिले (९ गुणिले पायचा वर्ग), म्हणजे ३६ टक्के, दुसऱ्या लेव्हलमध्ये बरोब्बर ५० टक्के, तिसऱ्यात १३ च्या आसपास. चौथी, सहावी वगैरे सम लेव्हल्स रिकाम्या. दुसरीत जास्त का, तर तिची एनर्जी जुन्या ग्राउंड स्टेटएवढीच आहे.

चलबिचल:
करंटचं डोक्यातच आलं नव्हतं, आता फेज घालून समीकरण जुळलं, दोघांचेही आभार. पण सावकाश म्हणजे किती?

लहरी:
भिंतीचा वेग पार्टिकलच्या स्वतःच्या वेगापुढे किरकोळ हवा. १ नॅनोमीटरच्या डब्यात इलेक्ट्रॉनची ग्राउंड स्टेट एनर्जी ०.३८ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या जवळ आणि वेग सेकंदाला साधारण ३.६ लाख मीटर, त्यामुळे सुरुवातीला जवळपास कुठलीही भिंत सावकाशच. पण डबा वाढला की इलेक्ट्रॉन मंदावतो, भिंत मात्र त्याच वेगाने जात राहते. भिंत सेकंदाला १ मीटर धरली तर लांबी ०.३६ मिलिमीटर झाल्यावर दोघांचे वेग सारखे होतात आणि त्यानंतर तिला सावकाश म्हणता येत नाही.

त्या एक्झॅक्ट स्टेटमध्ये एनर्जीचे दोन तुकडे पडतात, एक नेहमीचा, लांबीच्या वर्गाने घटणारा, आणि दुसरा जादा फेजमधून आलेला. हा दुसरा पहिल्या स्टेटसाठी अर्धा वस्तुमान गुणिले भिंतीच्या वेगाच्या वर्गाच्या ०.२८ पट येतो आणि डबा कितीही मोठा झाला तरी तेवढाच राहतो. म्हणून एनर्जी शून्याकडे जात नाही.