मदत हवी आहे: बाहेरून फॉग लॅम्प लावले म्हणून पूर्ण वॉरंटी गेली म्हणतात

जामसंडेकर
लोकहो, तातडीने सल्ला हवा. बाहेरून लाइट लावलेत म्हणून गाडीची वॉरंटी गेली, असं सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात. गाडी नवीन आहे. 31 हजारांचं कोटेशन हातावर ठेवलंय. असं करता येतं का कायद्याने? चतुर्थी पंधरा दिवसांवर आली, मुंबईची मंडळी कणकवली स्टेशनावर उतरणार, आणायला गाडी नाही. आठ दिवस तिथेच पडून आहे. फालतू चर्चा नको, माहीत असेल त्यांनीच लिहा.

सुकट
गाडी कुठली? किती जुनी? बिघडलंय काय? 31 हजार कशाचे? पोस्ट दोनदा वाचली, चतुर्थी सोडून काही कळलं नाही.

बंदरावरचो
अरे बाबा, गाडयेक झालां काय तां तरी सांग!

जामसंडेकर
पेट्रोल हॅचबॅक, खालचं मॉडेल. 14 महिने, 19 हजार किलोमीटर. वॉरंटी 3 वर्षांची. पाऊस लागला की काचा आपोआप खाली येतात, वायपर बंदच होत नाही. तिथे नेण्याआधी एका रात्री 2 वाजता अंगणात हॉर्न वाजायला लागला, अख्खी वाडी जागी. बीसीएम, म्हणजे लाइट, काचा, वायपर सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर, गेलं म्हणतात. शिवाय पुढचा डावा शॉकअप गळतोय. दोन्ही वॉरंटीत नाही म्हणे. मला आंबे घेऊन कोल्हापूरला जावं लागतं, फोंडा घाटात धुक्यात समोरचं दिसत नाही म्हणून लॅम्प लावले. यात माझं काय चुकलं?

घाटवळण
लॅम्पला वायर कुठून घेतली? रिले आहे का, म्हणजे जास्त करंटसाठीचा वेगळा स्विच? फ्यूज?

जामसंडेकर
ते वायरमनला माहीत. मी समोर चहा प्यायला गेलो होतो.

परदेशी_पाखरू
न्यू जर्सीहून लिहितोय. इकडे 1975 चा मॅग्नुसन-मॉस कायदा आहे. अमुकच ब्रँडचा पार्ट वापरा, नाहीतर वॉरंटी नाही, अशी अट कंपनीला घालता येत नाही. बाहेरच्या पार्टमुळेच बिघाड झाला हे दाखवायची जबाबदारी कंपनीची. त्यांना हा कायदा दाखवा.

सुकट
दाखवतो की. कणकवलीच्या काउंटरवर मॅग्नुसन-मॉस म्हटलं की तो मुलगा विचारेल, कुठल्या व्हेरियंटमध्ये येतं हे?

परदेशी_पाखरू
थट्टा करा. पण तत्त्व तेच आहे.

बंदरावरचो
माझा आयका. खाऱ्या वाऱ्यात गाडी टिकूक होयी तर खालसून काजीच्या टरफलाचा तेल लावा, होडयेक लावतंत तसा. पाच वर्सा झाली, गंजाचो ठिपको नाय.

घाटवळण
काका, प्रश्न वायरिंगचा आहे.

बंदरावरचो
वायर पण गंजता.

ताई_ओरोस
जामसंडेकर, आधी एक करा. नकार लेखी मागा. तोंडी "वॉरंटी गेली" याला काही किंमत नाही. कुठला पार्ट, कुठल्या कारणाने, वॉरंटी पुस्तिकेतल्या कुठल्या अटीनुसार नाकारला, हे जॉब कार्डवर किंवा मेलवर द्या म्हणावं. आमच्या फ्रिजच्या वेळी लेखी मागितल्यावर माणूस एकदम मऊ झाला होता. नाहीच दिलं तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन. पुढे जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने आपण राहतो तिथेही तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला ओरोस. गाडीची किंमत 5 ते 10 लाखांत असेल तर फी 200 रुपये. मुदत 2 वर्षं.

नियमाने_चला
तक्रार कसली करता? गाडीत फेरफार हाच मुळात गुन्हा आहे. मोटार वाहन कायदा, कलम 52. सुप्रीम कोर्टाचा जानेवारी 2019 चा निकाल वाचा.

घाटवळण
तो वाचूनच सांगतो. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध जाणारे बदल, हा त्याचा विषय. इथे वॉरंटीचं चाललंय, आरटीओचं नाही. दोन्हीची खिचडी करू नका.

नियमाने_चला
आज फॉग लॅम्प, उद्या बुल बार, बंपरपुढचे ते लोखंडी गार्ड. डिसेंबर 2017 पासून बंद आहेत, तरी निम्म्या गाड्यांवर दिसतात.

सुकट
त्याच्या गाडीवर आहे का बुल बार? नाही ना. पुढे चला.

जामसंडेकर
आज जाऊन बंपर उतरवायला लावला आणि स्वतः बघितलं. डाव्या हेडलाइटमागे पार्किंग लाइटची वायर मधेच सोलून तिला लॅम्पच्या दोन वायरी नुसत्या पिळल्यात. वर काळी टेप, तीही सुटून लोंबतेय. आत तांबं हिरवं पडलंय, बोट लावलं तर भुकटी हाताला आली. रिले नाही. लॅम्प 55 वॉटचे दोन. आता?

घाटवळण
आता बीसीएमचं विसरा. राग मानू नका, 18 वर्षं हेच काम करतोय. पार्किंगचा बल्ब 5 वॉटचा. त्या वायरीवर तुमच्या माणसाने 110 वॉट टांगले, म्हणजे जवळपास 9 अँपिअर. नव्या गाड्यांत ती वायर थेट बीसीएममधून येते, जुन्यासारखी स्विचमधून नाही. वर उघड्या जोडातून पाणी आत गेलं. बॅटरीवरून 15 अँपिअरचा फ्यूज घालून रिलेने सप्लाय घेतला असता तर मूळ वायरीवर फक्त रिलेच्या कॉइलचा भार आला असता, अर्धा अँपिअरसुद्धा नाही. बऱ्याच खालच्या मॉडेलांत फॉग लॅम्पचा कपलर, म्हणजे वायर जोडायचा प्लग, बंपरमागे आधीच बांधून ठेवलेला असतो. एकही वायर कापायची गरज नव्हती. 300 रुपयांचा रिले वाचवला त्याने.

पण शॉकअपचा आणि लॅम्पचा काय संबंध? तो नाकारलाय ते चूक. एक वायर कापली म्हणून सगळी गाडी वॉरंटीबाहेर जात नाही, कापलेल्या वायरीने जे बिघडलं तेवढंच जातं. पुस्तिकेतही बहुतेक तसंच लिहिलेलं असतं, नीट वाचा.

मीच_मेकॅनिक
एवढं कशाला करता? लॅम्प काढा, जोड कापून टेप मारा, गाडी रत्नागिरीच्या सर्व्हिस सेंटरला न्या. कोणाला कळतंय.

घाटवळण
चेसिस नंबर टाकला की आधीचं जॉब कार्ड तिथेही उघडतं. कळलंच तर शॉकअपचा खरा क्लेमही जाईल. असले सल्ले देऊ नका.

मीच_मेकॅनिक
तुम्ही कंपनीचे एजंट दिसता.

घाटवळण
कंपनीचे असतो तर 300 चा रिले सुचवला नसता, त्यांची 6 हजारांची अॅक्सेसरी सुचवली असती.

ताई_ओरोस
पुरे. जामसंडेकर, सस्पेन्शनला काही लावलंय का? स्प्रिंगमध्ये बफर, मोठे टायर?

जामसंडेकर
बफर आहेत. रबरी. एप्रिलमध्ये पेट्या भरल्या की मागून गाडी टेकायची म्हणून.

सुकट
आणि हे आत्ता सांगतोयस!!

जामसंडेकर
विचारलं कुठे कोणी? आणि ते मागे आहेत, गळतोय पुढचा.

घाटवळण
मागेच असतील तर ठीक. उद्या मागचे शॉकअप गेले तर मात्र भांडायला जाऊ नका. पुढचा कशाने गेला ते सांगायला इंजिनिअर लागत नाही, आपले रस्तेच बघा.

चाकरमानी_डोंबिवली
रस्त्यांचं नाव काढू नका. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण 2011 पासून चाललंय. मुलगा तेव्हा बालवाडीत होता. आता मिशी फुटलीय त्याला.

सुकट
माझी तेव्हा काळी होती.

ताई_ओरोस
विषयावर या. एक सावधगिरी: तक्रारीत "आंबा वाहतुकीसाठी गाडी" असं मोघम लिहू नका. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू असेल तर ग्राहक धरत नाहीत. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वयंरोजगार असेल तर चालतं, पण मग तसं नीट मांडावं लागतं. घरची गाडी आहे आणि हंगामात स्वतःच्या बागेचे आंबे नेता, हे खरं असेल तर तेच लिहा.

जामसंडेकर
तेच खरं आहे. ठीक. उद्या लेखी मागतो.

जामसंडेकर (चार दिवसांनी)
अपडेट. लेखी मागितल्यावर अॅडव्हायजर म्हणाला "वरिष्ठांना विचारतो", आणि दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी मेल आला. शॉकअप वॉरंटीत मंजूर, फक्त डावा. उजवा जोडीने बदलायचा तर खर्च माझा. बीसीएम आणि वायरिंग नामंजूर, फोटोसकट. त्याचे 23 हजार. वायरमनला फोन केला तर म्हणतो, "सगळ्यांच्या गाड्यांना असंच लावतो, कोणाची तक्रार नाही." निम्मे तरी दे म्हटलं, तर फोन ठेवला.

सुकट
त्याला नोटीस ठोक. सेवेतली त्रुटी म्हणतात ती हीच. बिल आहे ना?

जामसंडेकर
बिल कसलं. एका चिठ्ठीवर आकडा लिहून दिला होता, ती गाडीतच कुठेतरी असेल.

ताई_ओरोस
ती चिठ्ठी शोधा आणि पैसे मोबाइलवरून दिले असतील तर त्याची नोंदही काढून ठेवा. आणि आता बीसीएम बदलल्यावर "पूर्ण वॉरंटी रद्द" अशी नोंद त्यांच्या सिस्टीममध्ये राहिली नाही ना, ते विचारा. राहिली असेल तर पुढच्या वर्षी एसीचा कॉम्प्रेसर गेला तरी हेच ऐकायला मिळेल.

जामसंडेकर
विचारलं. नोंद आहे. काढा म्हणून मेल टाकलाय, उत्तर नाही. सोमवारी परत जातो. लॅम्प काढून पडवीत ठेवलेत.

घाटवळण
चतुर्थी झाली की फोंड्याला या. कपलर असेल तर तासाभराचं काम. तेव्हा चहाला जाऊ नका, शेजारी उभे राहा.

बंदरावरचो
तां सगळां ठीक. मुंबयवाल्यांका स्टेशनावरसून कशे हाडतलंस?

जामसंडेकर
गाडी शनिवारी देतो म्हणालेत, मंडळी शुक्रवारी उतरतात. दोन रिक्षा सांगून ठेवल्यात.