घरगुती बर्फाचा कूलर : तुमचे जुगाड, तुमचे अनुभव

वाळ्याची_जुडी
काल आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये डोकावले तर टेबल फॅनच्या मागच्या जाळीला तारेने बर्फाच्या बाटल्या बांधलेल्या. खाली थेंब पडायला श्रीखंडाचा रिकामा डबा. म्हणाले, "ताई, हा आपला एसी." मला एकदम अकोल्याचं घर आठवलं.

१९८५च्या आसपासची गोष्ट. कूलर घेणं परवडत नव्हतं. मे महिन्यात बाबा बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा आणायचे, सायकलच्या कॅरिअरवर, गोणपाटात गुंडाळून. निम्मा रस्त्यातच गळायचा. उरलेला घमेल्यात, घमेलं स्टुलावर, मागे टेबल फॅन. आम्ही भावंडं पुढ्यात ओळीने झोपायचो आणि मधल्या जागेवरून रोज मारामारी. बर्फाला लाकडाचा भुसा चिकटलेला असायचा, तरी चोरून तुकडा मोडून चोखायचोच. गारवा किती मिळायचा देव जाणे, पण दुपारी झोप लागायची हे नक्की.

थर्माकोलचा खोका, बादली, माठ, पत्र्याचा डबा, ज्यांनी ज्यांनी असलं काही केलंय त्यांनी लिहा. खर्च किती आला, किती वेळ टिकलं, घरच्यांनी काय ऐकवलं, सगळं चालेल.

बोंबलाची_चटणी
दादर. भाच्याने व्हिडिओ बघून केला. खोक्याच्या झाकणाला दोन भोकं, एकावर जुन्या कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा (बिघडलेल्या राउटरचा अडॅप्टर जोडून), दुसऱ्यात पीव्हीसीचा एल्बो. आत बर्फाच्या बाटल्या. खर्च फक्त एल्बो आणि चिकटपट्टीचा, कारण खोका मासळीवालीने फुकट दिला. तिथेच घात झाला. सोडा झाला, लिंबू झालं, दोन दिवस उन्हात ठेवून झाला. बटण दाबलं की घरभर सुरमई. मांजर त्या एल्बोसमोरून हलायला तयार नाही.

शेजारीण
मांजर 😂😂😂 मेले

धंतोलीचा_धन्या
काय राजेहो, बर्फ कायले लागते? आमच्या नागपुरात एप्रिल लागला की कूलर माळ्यावरून उतरवणं हाच मोठा सण. ताट्या (कूलरच्या बाजूंना बसवतात त्या गवताच्या) बदला, टाकी घासा, पंप बघा, खिडकीबाहेर स्टँडवर चढवा. बाहेर ४५, आत गोधडी.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. ताटीच्या वर जी पन्हळ असते तिची भोकं क्षाराने बुजतात. मग पाणी सगळीकडे सारखं उतरत नाही, ताटीवर कोरडा पट्टा पडतो आणि तिथूनच गरम वाफ आत घुसते. लोक म्हणतात कूलर म्हातारा झाला, बर्फ टाका. अबे, सायकलचा स्पोक घे आन् भोकं मोकळी कर. आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. खोली बंद करून कूलर लावला की तासाभरात सगळं चिकचिक.

गणित_कच्चं
धन्याभाऊंना अनुमोदन, आकड्यांसकट. १ किलो बर्फ वितळताना साधारण ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. १ लिटर पाण्याची वाफ होताना ५८० च्या आसपास. म्हणजे कोरड्या हवेत ताटीवरून उडालेलं एक लिटर पाणी सात किलो बर्फाचं काम करतं, तेही फुकट. ४४ अंशांची कोरडी हवा चांगल्या ओल्या ताटीतून आली की २८-३० वर येते.

एसीचा 'टन' सुद्धा बर्फावरूनच आलाय. १ टनाचा एसी म्हणजे २४ तासांत सुमारे ९०० किलो बर्फ वितळायला लागेल तेवढी उष्णता बाहेर फेकणारा. तासाला ३८ किलो. आता खोक्यात चार बाटल्या ठेवून खोली गार व्हावी अशी अपेक्षा असेल तर काय बोलणार.

आणि तो बर्फ ज्या फ्रीजने केला तो त्याच घरात असेल तर मागच्या जाळीतून त्याने त्याहून जास्त उष्णता घरातच सोडलेली असते.

बोंबलाची_चटणी
सर तुमचं सगळं बरोबर पण मुंबईत ताटी लावून काय उपयोग? हवाच आधीच ओली. कूलर लावला की पापड मऊ, चादर दमट, आणि घाम तसाच. आम्हाला खोली नको गार, तोंडावर वारा पाहिजे फक्त. तेवढं खोका करतो. बाटल्या वितळेपर्यंत झोप लागलेली असते.

गणित_कच्चं
तोंडापुरता मान्य :) पंखा लहान ठेवा आणि एल्बो उशीपासून हातभर अंतरावर. सुटे खडे टाकण्यापेक्षा बाटल्या बऱ्या, आत तळं होत नाही आणि पुन्हा गोठवता येतात. पाण्यात मूठभर मीठ घातलं तर शून्याच्या खालीच वितळायला लागतं, वारा जरा जास्त गार येतो. बाटली काठोकाठ भरू नका, फुगून फुटते.

मडगावचो_पाव
गोव्यात मे महिना म्हणजे कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी. आम्ही बर्फ फक्त सोलकढीत घालतो. पुढे चालू द्या.

साता_समुद्रापार
लंडनजवळ राहते. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडात पहिल्यांदाच पारा ४० च्या वर गेला, कॉनिंग्जबीला ४०.३ नोंदवला गेला. इथली घरं थंडीसाठी बांधलेली, ऊब बाहेर जाऊच देत नाहीत. छताला पंखा नाही. दुकानांतले पंखे आधीच संपलेले. मटारची गोठवलेली पाकिटं एका ट्रेमध्ये रचून समोर छोटा पंखा ठेवला. सासूबाई नेमक्या तेव्हा आलेल्या, मूळच्या चंद्रपूरच्या. म्हणाल्या, "चाळीसला एवढं?" आणि खिडकीला ओली चादर टांगून शांतपणे सुडोकू सोडवत बसल्या. संध्याकाळी मटार उसळ.

शेजारीण
सासूबाईंना साष्टांग 🙏

तारकाका
तीस वर्षं वायरिंगची कामं करतोय म्हणून लिहितो. जुगाड करा पण पाणी आणि वीज एकत्र आली की गंमत नाही. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग हवंच. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसा. बटण कधी कधी न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) बसवलेलं असतं, बंद असूनही आत करंट असतो. आमच्या गल्लीत एका घरी तसंच होतं, पोरगा टाकीत हात घालणार तेवढ्यात आजीने प्लग ओढला. घरात करंटची गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर बसवून घ्या. खोक्याला १२ व्होल्टचा पंखा लावलाय ते चांगलं केलंत ताई.

बोंबलाची_चटणी
काका धन्यवाद. पण मी ताई नाही दादा आहे 😄

तारकाका
चटणी वाचून वाटलं. असो.

आरोग्यसेविका_मनी
टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, नुसतं पाणी ओतून देऊ नका. डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटलेली राहतात, पुन्हा पाणी आलं की फुटतात. बर्फ टाकला म्हणून डास मरत नाहीत, हे सांगून घसा बसलाय. आणि कारखान्याचा बर्फ मुलांना चोखू देऊ नका, २०१८ पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग टाकायचा नियम आहे तो त्यासाठीच. निळा दिसला की समजा गारव्यापुरता.

वाळ्याची_जुडी
बाई गं, आमच्या वेळी निळा असता तर भांडून भांडून खाल्ला असता.

वऱ्हाडी_मिर्ची
बर्फावरून आठवलं. आमच्या इकडे उन्हाळ्यातल्या लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात तो मोठ्ठा कूलर असतो ना, त्याच्या पुढच्या खुर्च्या वरपक्षाच्या. आमच्या एका मावशीने मुलीकडची असून ती खुर्ची धरली ते मंगलाष्टकं संपली तरी उठेना. वरमाय उभी. अजूनही त्या दोन घरांत बोलणं बेताचंच आहे

धंतोलीचा_धन्या
मावशीनं बरोबर केलं. नवतपात (मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत) खुर्ची सोडायची नसते.

नवी_भाडेकरू
सगळ्यांना नमस्कार. छत्रपती संभाजीनगरला भाड्याने राहते, वरचा मजला, स्लॅब तापतो. घरमालक खिडकीबाहेर स्टँड लावू देत नाहीत. कूलर खोलीतच ठेवला तर चालेल का? की खोकाच करू? बजेट हजाराच्या आत.

गणित_कच्चं
खोलीत मधोमध ठेवला तर तीच दमट हवा फिरत राहते. उघड्या खिडकीला किंवा दाराला पाठ लावून ठेवा, बाहेरची हवा ओढली पाहिजे. पण आधी स्लॅबचं बघा. गच्चीला पांढरा चुना मारला तर रात्रीची भट्टी कमी होते, हजारात बसेल. मालकांना विचारून मात्र.

नवी_भाडेकरू
मालक चुन्याला हो म्हणाले!! पण म्हणे रंगाऱ्याचे पैसे तुमचे.

धंतोलीचा_धन्या
रंगारी कायले? खराटा घ्या, बादली घ्या, पहाटे साडेपाचला चढा. चुन्यात थोडा फेविकॉल टाका म्हणजे पायाला लागत नाही. डोळ्याला गॉगल लावा बरं का, चुना उडते.

शेजारीण
जुडीताई तुमच्या नावावरून विचारते, पुण्यात माठात टाकायला वाळा कुठे चांगला मिळतो? मागच्या वेळी आणला त्याला वासच नव्हता

वाळ्याची_जुडी
मंडईत, पूजेच्या सामानाच्या दुकानांत विचारा. घेताना मुळी थोडी ओली करून हुंगायची, कोरड्याचा वास कळत नाही. दोन जुड्या घ्या, एक माठात, एक उन्हात. रोज अदलाबदल.