गिअरबॉक्स उतरवताना शेवटच्या बोल्टचं डोकं गोल झालं, कसा काढू?

पिकअपवाला_तासगाव
नमस्कार मंडळी, घरच्या अंगणात पिकअपची क्लचप्लेट बदलायला घेतलीय. माल भरून चढाला लागलो की इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी सरकायची नाही म्हणून. प्रॉपेलर शाफ्ट, स्टार्टर, केबल सगळं सुटलं, गिअरबॉक्स इंजिनला धरणारे बोल्टपण निघाले, फक्त स्टार्टरच्या वरचा एक निघंना झालाय. १७ ची गोटी (सॉकेट पाना) लावली, हँडलला पाइप घालून जोर दिला तर गोटीच फिरली आणि बोल्टचे कोपरे गेले. दोन दिवस झाले डिझेल सोडतोय, काही फरक नाही. पुढच्या आठवड्यात द्राक्षाचा तोडा आहे, त्याआधी गाडी रस्त्यावर पाहिजेच. शेजारी म्हणतात छिन्नी लावून मार, पण हाउसिंग अॅल्युमिनियमचं आहे, हात धजत नाही. काय करू?

अण्णा_मिरज
छिन्नी नको भाऊ. तिरका घाव बसला तर हाउसिंगचा कान तुटतो, मग बोल्ट राहिला बाजूला आणि हाउसिंग शोधत फिरावं लागतं.

आधी मला सांगा गिअरबॉक्सखाली काय लावलंय? एकच बोल्ट राहिलाय म्हणजे सगळं वजन त्याच्यावर आणि इनपुट शाफ्टवर (गिअरबॉक्समधून क्लचप्लेटमध्ये जाणारा दांडा) लोंबकळतंय. त्याच वजनाने बोल्ट आत तिरका दाबला जातो आणि सुटत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. खाली जॅक लावून गिअरबॉक्स केसभर वर उचला. गाडी स्टँडवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर पाहिजे, नुसत्या जॅकवर असेल तर खाली झोपायचं नाही म्हणजे नाही.

आणि गोटी कुठली होती, बारा कोनी का सहा कोनी?

पिकअपवाला_तासगाव
बारा कोनी होती अण्णा. गाडी चारी बाजूंनी ठोकळ्यांवर आहे, पण गिअरबॉक्स खरंच नुसता दोरीने बांधलेला होता, आता खाली जॅक लावला.

अण्णा_मिरज
तिथंच गडबड झाली. बारा कोनी गोटी फक्त कोपऱ्यावर धरते, जाम बोल्टाला ती लावायचीच नाही. आता सहा कोनी १६ ची गोटी घ्या, डोक्यावर ठेवा आणि हातोडीनं ठोकून बसवा. डोकं झिजलंय म्हणून ती चावत चावत आत जाईल. मग एकदम पाइप न लावता आधी थोडं घट्ट करायच्या दिशेला ताण द्या, मग उलट, असं हळूहळू. डिझेलनं गंज सुटायला फार वेळ लागतो, गंज सोडवायचा स्प्रे मिळतो तो रात्रभर मारून ठेवा.

दुबईत_गॅरेज
आमच्याकडे अशा वेळी डोक्यावर नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्डिंग करतात, नट पकडायला मिळतो आणि उष्णतेनं गंज पण मोकळा होतो. उपाय चांगला आहे, पण दादा तुम्ही दोन दिवस तिथं डिझेल सोडलंय आणि तुम्ही गाडीखाली झोपून काम करताय, म्हणून तुम्हाला सांगणार नाही. गॅसची ज्योत पण तिथं नेऊ नका. कधी वेल्डिंग केलंच तर आधी सगळं पुसून कोरडं करायचं, बॅटरीची वायर काढायची आणि पाण्याची बादली नाही, फायर एक्स्टिंग्विशर जवळ ठेवायचा.

पिकअपवाला_तासगाव
१६ ची ठोकून बसवली, पहिल्यांदा वाटलं धरली, पण ताण दिल्यावर तीही घसरली. आता डोकं पूर्ण गुळगुळीत. सकाळपासून गाडीखाली आहे, खरं सांगतो रडायला आलंय.

लेथवाला_इचलकरंजी
दादा धीर सोडू नका, आता उलट काम सोपं झालंय. आता बोल्ट फिरवायचा नाद सोडा, त्याचं डोकंच उडवा. या बोल्टाचं डोकं गिअरबॉक्सच्या बाजूला आणि आटे इंजिनच्या ब्लॉकमध्ये असतात. बोल्ट घट्ट बसतो तो डोक्याच्या दाबामुळं. डोकं गेलं की दाब संपला, गिअरबॉक्स मागं सरकवून काढता येतो आणि ब्लॉकमधून बोल्टचा दांडा बोटभर बाहेर राहतो. त्याला व्हाइस ग्रिप (दाबून लॉक होणारी पकड) लावली की बहुतेक वेळा फिरतोच.

करायचं असं. डोक्याच्या बरोबर मधे सेंटर पंच मारा, हे नीट झालं तर पुढचं सगळं नीट. आधी ५ चं ड्रिल, मग ८, मग १०. बोल्ट एम १० (दांडा १० मिमी जाडीचा) असेल तर डोक्याची जाडी साधारण साडेसहा मिमी असते, तेवढंच खोल जायचं, ड्रिलला टेप गुंडाळून खूण करा. ड्रिल हळू फिरवा, तेल सोडत राहा, डोळ्याला चष्मा लावाच कारण कीस सरळ तोंडावर पडतो. शेवटी डोकं वॉशरसारखं सुटतं.

बोल्टमधे भोक पाडून घालायचा इझी आउट मात्र घरी वापरू नका. तो कडक पोलादाचा असतो, आत तुटला तर साधं ड्रिल त्यावर चालत नाही.

पिकअपवाला_तासगाव
निघाला!!! १० चं ड्रिल फिरता फिरता डोकं टक्कन सुटून खाली पडलं. जॅकवर गिअरबॉक्स धरून पोराच्या मदतीनं सरळ मागं ओढला. ब्लॉकमधला तुकडा स्प्रे मारून अर्धा तास ठेवला आणि व्हाइस ग्रिपनं पुढं-मागं करत चक्क निघाला. अण्णा, लेथवाले दादा, दुबईवाले दादा, तुमचे उपकार विसरणार नाही. आता त्या भोकात तसाच नवीन बोल्ट घालू का?

लेथवाला_इचलकरंजी
लई भारी! आधी एम १० ला दीडचा टॅप (आटे पाडायचं हत्यार, दीड म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर मिमीत) हातानं फिरवून आटे साफ करा, पण जुना बोल्ट नेऊन दीडचा आटा आहे का सव्वाचा ते दुकानात मोजून घ्या, चुकीचा टॅप घातला तर चांगले आटे जातील. नवीन बोल्ट त्याच लांबीचा, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ (बोल्टच्या ताकदीचा आकडा) लिहिलेला, जुन्यावर जो आकडा होता त्यापेक्षा कमी नको. आट्यांना जरासं कॉपर ग्रीस लावा.

अण्णा_मिरज
आणि चढवताना गिअरबॉक्स शेवटचा इंचभर बसत नसेल तर बोल्ट आवळून ओढू नका, क्लचप्लेट मध्यावर नाही असं समजा आणि परत खाली घ्या. प्लेट मध्यावर आणायला लाकडाचा दांडा तासून घेतला तरी चालतो.

पिकअपवाला_तासगाव
दांडा करायला सुताराकडे निघालोय. उद्या चढवतो आणि कळवतो.