तीनपत्तीची नाल आणि बी विंगची नाली

मेघा बी-३०२: शनिवारी क्लबहाउसात परत तीनपत्ती बसली, रात्री दीडपर्यंत. प्रत्येक डावातून बाजूला काढता ती नाल किती जमली? दिवाळीपासून विचारून राहिली. माझ्या पोराची व्हीलचेअर बागेच्या पहिल्याच पायरीला अडते, तो जाळीतून क्रिकेट पाहतो. नालीच्या पैशातून रॅम्प करा, एवढंच

वानखेडे काका: नालीचा विषय निघालाच आहे तर बी विंगची नाली तुंबली आहे. सेक्रेटरींनी लक्ष द्यावे.

मेघा बी-३०२: काका, नाल म्हणायचं होतं

राऊत सेक्रेटरी: वहिनी, ग्रुपवर हे शब्द नको प्लीज. ती करमणुकीची वर्गणी आहे 🙏

कुळकर्णी काका: जुगाराच्या पैशातून लेकराची बाग, मनाला पटत नाही.

मेघा बी-३०२: सरकारला पटते ना काका. राज्य लॉटरी १९६९ पासून आहे, लॉटरी-कॅसिनोवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी, सगळा सरकारी तिजोरीत जातो, त्यातून काय झालं कोणाला कळते? आमचा वाटा वेगळा काढा म्हटलं की पाप. स्पेनमध्ये ओन्से म्हणून अंधांचीच संस्था १९३८ पासून आहे, लॉटरीवर चालते

समीर ए-५०४: म्हणजे जितकं हरू तितका रॅम्प लांब. शनिवारी अडीच हजार गेले, माझ्या नावाची पाटी लावा

प्राजक्ता ए-५०४: अडीच हजार??? मला पाचशे सांगितले होते. वर या.

नंदूभाऊ: मजाक सोडा. २०२५ मध्ये ऑनलाइन पैशाच्या गेमवर बंदी आली, तो टॅक्स गेला. पत्ते बंद झाले तर रॅम्पची डागडुजी कोण करन? मेंटेनन्समधून द्या

वानखेडे काका: बी विंगची नाली तुंबली आहे. सेक्रेटरींनी लक्ष द्यावे.

मेघा बी-३०२: मेंटेनन्समधून मागितलं तेव्हा "एका पोरासाठी?" कोण म्हटलं होतं नंदूभाऊ, नाव घेऊ का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळ-करमणूकही आहे, नुसती पेन्शन नाही

नंदूभाऊ: मी तसं नव्हतं म्हटलं. म्हणजे त्या अर्थाने नाही

खजिनदार: दिवाळीपासून २३,४०० जमा. डबा क्लबहाउसात, चावी राऊत सरांकडे

खजिनदार: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे

मेघा बी-३०२: स्क्रीनशॉट आहे

राऊत सेक्रेटरी: रविवारी मीटिंग ठेवू. विषय: करमणूक वर्गणी.

वानखेडे काका: रॅम्प खोदालच तर खालून पाइप टाकून घ्या. नाली